भुकेच्या मागोमाग : नांदेड-लातूरचं रस्त्यावरचं खाणं

नांदेडच्या स्टेशनबाहेर किंवा लातूरच्या एसटी स्टँडसमोर एखाद्या ऑटोवाल्याला विचारून बघा, ‘दादा, इथलं खास काही खायला कुठं मिळंल?’ तो तुमच्या बॅगेकडे, मग बुटांकडे बघतो आणि एखाद्या एसी फॅमिली हॉटेलचं नाव सांगतो. ‘तसलं नको, गाड्यावरचं सांगा,’ असं म्हटलं की तो गडबडतो. दोसा चालंल का, विचारतो. मग चायनीजवर येतो. त्याला माहीत नसतं असं नाही. पाहुण्याला घरी नेऊन पोटभर जेवू घालायचं असतं, गाड्यावर उभं करायचं नसतं, हा या भागाचा रिवाज त्याच्या अंगात मुरलेला असतो. त्यामुळे रस्त्यावरचं खाणं हा पाहुण्याला सांगायचा विषय आहे, हेच त्याला पटत नाही.

जगात काही शहरांनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकला आहे. मलेशियात पिनांगच्या जॉर्ज टाउनला गेलेल्या माणसाला गर्नी ड्राइव्हचं नाव सांगितलं की काम भागतं; एका आवारात ओळीनं गाडे, मधे टेबलं, ज्याचं त्यानं आणून खावं. शेजारच्या सिंगापूरनं तर गाडेवाल्यांना सरकारी छपराखाली आणलं आणि २०२० मध्ये त्यांच्या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागाही मिळाली. आपल्या जवळचं उदाहरण इंदूरचं: दिवसा सोनं विकणारा सराफा रात्री खाऊगल्ली होतो. नांदेड-लातूरला असा एकच पत्ता नाही. इथलं खाणं जागेला बांधलेलं नाही, माणसांच्या भुकेला बांधलेलं आहे. मार्केट यार्डात माल घेऊन आलेला शेतकरी, क्लास सुटलेली पोरं, दर्शनाला आलेला यात्रेकरू, रोजा सोडणारा माणूस, शेवटच्या गाडीची वाट बघणारा पॅसेंजर. यांना ज्या वेळी भूक लागते त्या वेळी, त्या वळणावर कढई चढते आणि भूक भागली की उतरते. म्हणून इथं पत्ता विचारण्याआधी घड्याळ बघावं, आणि जमलं तर पंचांगही.

आणखी एक अडचण आधीच सांगून टाकतो. मराठवाड्याचं म्हणून जे खाणं आहे ते बहुतांशी घरातच राहिलं. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, धपाटं, दशमी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं, हे सगळं फडक्यात बांधून माणूस घरूनच निघायचा. बाजारात आला की झाडाखाली बसून तेच खायचा. पैसे मोडायचा ते घरी होत नाही त्यासाठी: तळणीतले भजे, जिलेबी, शेव-चिवडा, चहा. भाकरी विकत घेऊन खायची ही कल्पना आमच्या आजीच्या पिढीला लाजिरवाणी वाटायची. आज हायवेवर ‘गावरान’, ‘चुलीवरचं’ अशा पाट्या लागल्यात खऱ्या, पण ते सगळं अलीकडचं आहे आणि बरंचसं शहरी माणसाच्या हौसेसाठी आहे. तेव्हा गाड्यावर भाकरी-ठेचा शोधणाऱ्याची निराशा होईल. सुशीला, भजे, गोडीशेव शोधणाऱ्याची होणार नाही.

सुरुवात लातूरच्या गोलाईपासून करू. गंजगोलाई म्हणजे १९१७ साली उभी राहिलेली दुमजली गोल इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले १६ रस्ते. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं हा आराखडा केला. एकेका रस्त्याला एकेक धंदा वाटून दिल्यासारखा आहे: कुठं सोनं, कुठं कापड, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. निजामाच्या राज्यातली ही व्यापारी पेठ आजही आसपासच्या तालुक्यांची पेठ आहे. लग्नाचा बस्ता बांधायला टेम्पोभर माणसं लातूरला येतात. नवरीच्या साड्या, मानपानाचे शालू-टॉवेल, भांडी असं सगळं होईस्तोवर दुपार टळते. बायका दुकानात गादीवर बसून असतात आणि पुरुष मंडळी ‘जरा आलोच’ म्हणून बाहेर सटकतात. गोलाईचं खाणं मुख्यतः या सटकलेल्या माणसांवर चालतं.

सकाळी आलात तर सुशीला मागा. बाहेरच्याला हे माणसाचं नाव वाटतं. मुरमुरे पाण्यात बुडवून पिळून काढायचे. फोडणीत मोहरी, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद. वरून डाळव्याचं नाही तर दाण्याचं कूट, कोथिंबीर आणि लिंबू. कर्नाटकात दावणगिरी-बेल्लारीकडे याच पदार्थाला सुसला म्हणतात, त्यामुळे नाव कुठून कुठं गेलं याचा अंदाज येतो. पोह्यापेक्षा तो हलका असतो आणि मिरचीला जास्त धार देतो. एक अट आहे: गरम खायचा. गार झालेल्या सुशील्याचा जीव जातो, मुरमुरा चिवट होतो. म्हणूनच पुष्कळ गाडेवाले हल्ली पोहेच करतात, ते दोन तास परातीत तग धरतात. ज्या गाड्यावर सुशीला थोडा थोडा करून दिला जातो तिथं थांबावं.

भज्यांचं वेगळंच. मराठवाड्यात ‘भजे’ म्हणतात. ‘भजी’ म्हटलं की तुम्ही पुण्याकडचे ठरता आणि भाव तोच राहिला तरी बोलणं बदलतं. कांद्याचे भजे सगळीकडे मिळतात, पण इथला मान मिरची भज्यांना. पोपटी, लांब, फार तिखट नसलेली मिरची चिरून बेसनात बुडवलेली. सोबत तळलेली तिखट मिरची वेगळी मिळते, म्हणजे मिरचीच्या तोंडी लावायला मिरची. हा हैदराबाद आणि कल्याण-कर्नाटकच्या पट्ट्याचा सामायिक वारसा आहे. पावसाळ्यात, पेरणी झाल्यावर शेतकऱ्याला चार दिवस उसंत असते, त्या दिवसांत भज्यांच्या कढईभोवती जी गर्दी दिसते ती वर्षभर दिसत नाही. मार्केट यार्डातल्या सौद्याच्या वेळा पाळल्या तर याचं दुसरं टोक दिसतं. सोयाबीन-तुरीचा सौदा निघून पट्टी हातात पडली की हमाल, मापाडी, शेतकरी एकदमच बाहेर येतात. पट्टी चांगली असेल तर जिलेबी बांधून गावाकडे जाते. भाव पडलेला असेल तर चहा हाफ होतो.

लातूरची दुसरी भूक संध्याकाळी पाच ते नऊमधली आणि ती वयानं सोळा-सतराची आहे. दयानंद आणि राजर्षी शाहू या महाविद्यालयांच्या निकालांनी गेल्या शतकाच्या शेवटी ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर नेला. मग खासगी क्लासेस आले, आणि शिवाजी चौक-उद्योग भवनाच्या मागचा भाग ‘ट्यूशन एरिया’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. नीटच्या तयारीला आलेली पोरं-पोरी महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यातली असतात. दुपारी मेसचा डबा, रात्री मेसचा डबा, दोन्हींत बटाटा. मधल्या वेळेत क्लास सुटतो आणि सगळा रस्ता एकदम भरतो. पाणीपुरी, दाबेली, दोसा, मंचुरियन, मोमो. यात लातूरचं काय, असा प्रश्न जुन्या माणसांना पडतो. मला उलटं वाटतं. हे पदार्थ लातूरचे नसतील, ही भूक मात्र लातूरचीच आहे. पाठीवर फिजिक्सचं ओझं घेऊन उभ्या-उभ्या खाणारं इतकं गिऱ्हाईक मराठवाड्यात दुसरीकडे क्वचितच दिसेल.

शिवाय या गर्दीत एक अस्सल पदार्थ आहेच: निलंगा राईस. जिल्ह्यातल्याच निलंग्याचं नाव घेतलेला हा तिखट, फोडणीचा मसालेदार भात. गाड्यावर मोठ्या पातेल्यातून वाफाळता निघतो, वर कच्चा कांदा आणि लिंबू. घरच्या मसालेभाताचा साजूक तुपातला सोज्वळपणा याच्यात नाही, तो मुळातच रस्त्यासाठी जन्मलेला आहे. लातूरची पोरं पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेली आणि आता पुण्यातल्या गाड्यांवरही ‘निलंगा राईस’ची पाटी दिसते. तालुक्याच्या नावानं रस्त्यावरचा पदार्थ ओळखला जावा, असं भाग्य मराठवाड्यात फार गावांच्या वाट्याला आलेलं नाही.

निलंगा तालुक्याकडे आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या दिसत नाहीत पण चटणीत-वरणात असतात. पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ. या दोन्हींना आणि जिल्ह्यातल्याच कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिंच, डाळ आणि कोथिंबीर या तीन नावांत एका गाड्याचं निम्मं भांडवल आलं. पण एकाही गाड्यावर ‘आमची चटणी पानचिंचोलीच्या चिंचेची’ अशी पाटी मला अजून दिसलेली नाही. मानांकनाची बातमी पेपरात येते, आणि गाडेवाला मात्र किराणा दुकानातून मिळेल ती चिंच आणतो.

लातूर सोडण्याआधी पाण्याविषयी बोललं पाहिजे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पहिल्यांदा लातूरला आली, दहा डब्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्याच्या आधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. ज्या शहरानं पाण्याची रेल्वे बघितली त्याच्या गाड्यावर पाणी कसं वापरलं जातं हे बघणं हे खाण्याइतकंच महत्त्वाचं. स्टीलच्या प्लेटा एका बादलीत बुचकळणारा गाडा टाळावा. कागदी प्लेट किंवा पळसाची पत्रावळ वापरणारा बरा. पिण्याचं पाणी जारचं आहे का हे विचारायला लाजू नये, गाडेवालाही त्याचा राग मानत नाही. पाणीपुरी उन्हाळ्यात मी स्वतः खात नाही. तळणीतलं आणि डोळ्यांसमोर उतरलेलं खावं, हा जुन्या माणसांचा नियम डॉक्टरांच्या सल्ल्याहून वेगळा नाही.

नांदेडचा पोत वेगळा. इथं गोदावरी आहे आणि गुरुद्वारा आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथं देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान, तख्त सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू उभी राहिली. २००८ च्या गुर-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनं शहराचे रस्ते रुंद केले आणि पंजाबहून येणारी गर्दी वाढवली. या गर्दीच्या भुकेचा पहिला भार लंगर उचलतं. लंगर रस्त्यावरचं खाणं नाही आणि विकतही नाही, म्हणून आढाव्यात घ्यावं की नाही असा तांत्रिक प्रश्न काढता येईल. पण नांदेडला येऊन पंगतीत मांडी घालून दाल-रोटी न खाता परत गेलेल्या माणसानं इथलं खाल्लं असं मी म्हणणार नाही. डोक्यावर रुमाल, दोन्ही हात पुढे करून ओंजळीत रोटी घ्यायची. जात, भाषा, खिसा कोणी विचारत नाही. नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेसच्या वाटेवर तर अनेक स्थानकांवर सेवेकरी बादल्या घेऊन उभे असतात आणि डब्यातल्या प्रवाशांना फुकट जेवू घालतात. भारतातलं सगळ्यात लांब लंगर रुळांवरून चालतं, असं गमतीनं म्हणायला हरकत नाही.

गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत मग पंजाबी जिभेची सोय होते: पराठे, छोले-भटुरे, लोण्याचा गोळा तरंगणारी लस्सी, कढईतलं आटीव दूध. चव बरी असते. पण मला जास्त रस तिथल्या बोलण्यात वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेले दखनी शीख मराठी आणि दखनी हिंदी सफाईनं बोलतात, आणि लुधियानाहून आलेल्या पाहुण्याशी पंजाबीत बोलून वळले की शेजारच्या भाजीवाल्याला ‘काय मामा, आज मेथी नाही का?’ विचारतात.

संध्याकाळी वजिराबादकडे यावं. मुथा चौक, महावीर चौकाच्या बाजूला दिवे लागले की चाट, पावभाजी, दोसे, कुल्फी सुरू होतं. हे कुठल्याही मध्यम शहरात दिसेल असं आहे, त्यावर जास्त शाई खर्च करत नाही. एकच नोंद: इथल्या इडली-दोशाची चटणी चाखून बघा. ती मुंबईसारखी निव्वळ खोबऱ्याची नसते, शेंगदाण्याकडे झुकते, कारण देगलूर-बिलोलीच्या पलीकडे लगेच तेलंगण सुरू होतो.

नांदेडचा खरा ठेवा सकाळी लवकर इतवारा आणि देगलूर नाक्याच्या बाजूला मिळतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हे शहर हैदराबाद संस्थानात होतं, आणि पोटानं अजूनही बरंचसं तिकडेच आहे. खिचडी-खट्टा हा त्याचा पुरावा. मसुराच्या डाळीची पिवळी, मोकळी खिचडी आणि त्यावर तीळ, चिंच, कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घातलेलं पातळ आंबट खट्टं. सोबत पापड, ज्याला हवा त्याला खिमा. ज्यानं खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण असं समजून घेतलंय त्याची ही समजूत एका घासात मोडते. दुपारकडे तहारी आणि बिर्याणी सुरू होते. तहारी म्हणजे बिर्याणीची गरीब बहीण, असं म्हणतात. मला ती जास्त आवडते, कारण तिच्यात हळदीचा आणि मटणाच्या रश्श्याचा भात असतो, नुसता सुगंधाचा थाट नसतो. सोबत इराणी चहा आणि चहात बुडवायला उस्मानिया बिस्किट.

रमजानमध्ये हा भाग मगरिबच्या अजानीनंतर फुलतो. खजूर, फळं, समोसे, भजे आणि हलीम. गहू, डाळी आणि मटण तासन्‌तास घोटून एकजीव केलेलं ते गुळगुळीत मिश्रण, वर तळलेला कांदा आणि लिंबू. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये मानांकन मिळालं. नांदेडचं हलीम त्याचंच धाकटं भावंड. या गर्दीत रोजा न धरणारेही पुष्कळ असतात. वर्षभर इतवाऱ्याकडे न फिरकणारे माझे काही मित्र त्या महिन्यात मात्र नियमानं दिसतात, घरी काय सांगून येतात ते विचारायचं नसतं.

दोन शहरांच्या भोवतीच्या वाटाही विसरून चालणार नाही. लातूरहून औशामार्गे तुळजापूरकडे जाताना औसा तालुक्यातलं उजनी लागतं. भीमेवरचं धरण ते वेगळं. या उजनीची बासुंदी एवढी नावाजलेली की एसटीतून जाणारा माणूस गाव न बघताही तिची चव सांगतो. देवणी गायींच्या जिल्ह्यात दुधाचं नाव निघावं यात नवल नाही. नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूरची केळी रस्त्याच्या कडेला घडांनी टांगलेली दिसतात. माहूरला रेणुकेच्या दर्शनानंतर कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद मिळतो, तो तोंडात विरघळेपर्यंत गडाच्या पायऱ्या अर्ध्या उतरून होतात.

आता पत्त्यांचा प्रश्न. अमुक चौकातला तमुक गाडा असं मी मुद्दामच लिहिलेलं नाही. गाडा आज आहे, उद्या अतिक्रमणाची गाडी आली की नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं सर्वेक्षण, ओळखपत्र, शहर पथविक्रेता समिती आणि ठरवून दिलेली विक्रीची क्षेत्रं हे सगळं कागदावर आणलं. कायदा चांगला आहे. पण गाडेवाल्याला क्षेत्र नको असतं, गिऱ्हाईक हवं असतं, आणि गिऱ्हाईक क्लासच्या दारात, यार्डाच्या फाटकाशी, स्टँडच्या कोपऱ्यावर असतं. त्याला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेऊन बसवलं की सिंगापूर होत नाही, मैदान तेवढं रिकामं राहतं.

पंचांग बघा असं वर म्हटलं, ते या दोन दिवसांसाठी. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरं, तमाशाचे तंबू, आणि त्यांच्या मधून मैलभर खाण्याची पालं. गुळाच्या पाकातली गोडीशेव, रेवड्या, भेळभत्ता, जिलेबी, भजे, रात्री तंबूमागे मटणाचा रस्सा. मराठवाड्याच्या रस्त्यावरचं सगळं खाणं एका ठिकाणी बघायचं असेल तर गर्नी ड्राइव्हच्या जवळ जाणारं हेच, फक्त ते वर्षातून काहीच दिवस भरतं आणि धुळीसकट खावं लागतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या. वेळ अमावस्या, गावाकडे येळवस म्हणतात. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि शहर ओस पडतं. गोलाईची शटरं खाली, ट्यूशन एरिया शांत, गाडे झाकलेले. नवख्या माणसाला वाटतं संचारबंदी लागली. सगळे शेतात गेलेले असतात: कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, डोक्यावरून आणलेलं आंबिलीचं बिंदगं, पालेभाज्या आणि शेंगदाण्यांची घट्ट भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. मी एकदा त्या दिवशी दुपारी लातूरला उतरलेल्या एका औरंगाबादच्या माणसाला चहाची टपरी शोधत फिरताना बघितलं होतं. टपरी सापडली नाही. पण शेताकडे निघालेल्या एका जीपनं त्याला हाक मारून आत घेतलं, ओळखपाळख नसताना. परत आला तेव्हा अंधार पडला होता, हातात भज्जीचा डबा होता, आणि टपरी कुठंय हे विचारायचं त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोलाईत कढई पुन्हा चढली.